जावयाची मोजणी

मुलांनो, एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. इतकी अरुंद, की समोरच्या घरात दूध उतू जायला लागलं तर अलीकडच्या ओट्यावरून कुणीतरी ओरडून सांगावं, "गॅस बारीक करा!" दोन्ही अंगांना बसकी घरं. मे महिन्याची सकाळ, पण खाली सावली, कारण उन्हाला या गल्लीत उतरायला बारा वाजावे लागतात. आता त्या गल्लीतून दोघांना चालताना बघा. पुढे एक बाई, हिरव्या साडीतली, दर चार पावलांवर थांबून कुणाची तरी विचारपूस करणारी. मागे तिचा नवरा. त्याच्या हातात रेक्झिनची एक पिशवी आहे आणि ती तो अंगापासून जरा लांब धरून चालतो आहे. पिशवीत काय आहे ते मी तुम्हांला आत्ताच सांगून टाकतो, कारण त्या बाईला ते ठाऊक नाही. एक पोलादी टेप, एक नकाशा, एक ब्रश आणि लाल ऑइल पेंटचा डबा.

"अहो, मागं कामून राहिलाव? या की!" बाईनं वळून हाक मारली. "पंधरा वर्षं गाडीवर मागं बसून मी तुमची पाठच बघितली. आज तुमी माझी बघा."

ओट्यावरची एक म्हातारी हसली. "अनु, ह्येच का गं जावई? दिसले बाई एकदाचे!"

"ह्येच. धरून आणलंय."

रुद्रेशनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि नमस्कार केला.

तो परभणीला मोजणीदार होता. वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजत आला होता. घरात दोघंच, तो आणि अनुपमा. लग्नाचा वाढदिवस मे महिन्यात यायचा आणि मे महिना हा मोजणीच्या हंगामाचा, म्हणून तो दरवर्षी कुठल्या तरी बांधावर साजरा व्हायचा. यंदा पंधरावा. अनुपमानं एप्रिलमध्येच सांगून ठेवलं होतं, "मला लांब कुठं न्हाई जायचं. निंबळीला दोन दिवस नुसतं पायी फिरायचं. तिथं गाडी लागतच न्हाई. देऊळ, बाजार, बारव, शाळा, सगळं चालत. एक रात्र स्टँडावरच्या लॉजवर राहायचं, नवीन लग्न झाल्यासारखं. आन् मावशीच्या हातचे धोंडे खायचे."

वालूरच्या पुढे निंबळी हा छोटा कसबा. आई गेल्यावर नीलम्मा मावशीनं अनुपमाला तिथंच वाढवलं होतं, पिठाची गिरणी चालवून. अनुपमाला माहेर म्हणून होती ती तेवढी गिरणी. आणि यंदा धोंड्याचा महिना होता, दर तीन वर्षांनी येणारा अधिक महिना, ज्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि दिव्याचं वाण देतात. रुद्रेशच्या लग्नानंतर असे पाच धोंडे येऊन गेले. एकदा निवडणुकीचं काम निघालं, एकदा टाळेबंदी, एकदा काय न् एकदा काय. नीलम्मानं पाचही वेळा डाळ भिजवली होती.

म्हणून हातात हुकूम पडला, 'कसबे निंबळी, रस्ता रुंदीकरण, खुणा करणे', तेव्हा तो हरखलाच. त्यानं ऑफिसातूनच घरी फोन केला होता. "रजा बी न्हाई लागत अनु. एका दगडात दोन कामं! चल." कुठली मोजणी ते तिनं विचारलं नाही, शेताचीच असणार असं धरून चालली.

त्याला वाटलं होतं बाजारातला रस्ता असेल. कागदावर नुसते नंबर होते. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं निजामाच्या वेळचा जुना नकाशा टेबलावर पसरला, बोट ठेवून एकेक नंबर लावत गेला, आणि बोट गिरणीच्या गल्लीत येऊन थांबलं. जुन्या नकाशात ती गल्ली चांगली नऊ मीटर रुंद होती. घरं वर्षानुवर्षं थोडी थोडी पुढे आली होती. कागदाच्या हिशेबानं पुढची जागा रस्त्याचीच होती.

दुसरा मोजणीदार योगीराज शेजारीच बसला होता. "मी जातो की तुझ्या बदली," असं तो सहज म्हणाला असता. पण मग हातातलं काम का सोडलं, हे अनुपमाला सांगावं लागलं असतं. तिकडे जावई येणार म्हणून मावशीनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. रुद्रेशनं नकाशाची घडी घातली. तिथं गेल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं. मग बसमध्ये सांगू. मग स्टँडवर उतरल्यावर. असं करता करता ते गिरणीच्या दारात येऊन उभे राहिले.

दारातून आत गेलं की पुढची खोली दहा फुटांची. भिंतीशी पिठाचे डबे रांगेत लावलेले, प्रत्येकावर रंगानं नाव. खोलीच्या आतल्या टोकाला सिमेंटच्या पायावर बोल्टांनी आवळलेली गिरणी, आणि तिच्या मागे चूल, खाट आणि संसार मावेल एवढी एक खोली. सगळ्यावर पिठाचा पातळ थर. नीलम्माच्या भुवयाही पांढऱ्या होत्या. त्या पिठानं की वयानं, ते सांगणं कठीण.

"शरणार्थ, जावईबापू," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या कपाळाला भस्म लावलं. "सहावा धोंडा. मी म्हणलं, माझ्या तेराव्यालाच येतेत का काय!"

"मावशी!" अनुपमा ओरडली.

"गंमत केली बाई. आता आले ना? मंग झालं."

नीलम्माची नात निकिता दाराआडून बघत होती. सात-आठ वर्षांची, दोन वेण्या, एक वेणी सुटलेली. तिचे आईबाप पुण्याला कंपनीत कामाला होते आणि ती आजीजवळ राहायची.

"निके, पाहुण्यांची पिशवी आत ठिव."

"राहू द्या," रुद्रेश घाईनं म्हणाला, पण निकितानं पिशवी उचलली होती.

पाट मांडला, समया लावल्या. नीलम्मानं त्याला नवा टॉवेल-टोपी दिली, ताम्हणात दिवा आणि तेहतीस अनारसे ठेवून ते वाण त्याच्या ओंजळीत दिलं आणि एवढी म्हातारी बाई त्याच्या पाया पडली. जावयाला नको म्हणता येत नाही. तो पाटावर बसून राहिला.

ताटात धोंडे पडले, त्यावर तूप. तेवढ्यात समोरचा चंद्रभान शिंपी आला आणि उंबऱ्यात उकिडवा बसला. दारापुढे दार, चाळीस वर्षांचा शेजार.

"खा जावई, खा. लाजू नका," चंद्रभान म्हणाला. "उद्या ह्या गल्लीत कुणाच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. मोजणीवाला यायलाय म्हणं."

"येऊ दे," नीलम्मा तूप वाढत म्हणाली. "आमचा जावई त्याच खात्यात हाय. दोन शब्द सांगंल त्याला."

"तुमची वळख हाय का हो त्याच्याशी?" चंद्रभाननं विचारलं.

रुद्रेशच्या तोंडात घास होता. तो गिळवेना आणि थुंकताही येईना. त्यानं मान हलवली, हो की नाही ते त्यालाही कळलं नाही.

"आमचे ह्ये तसल्या कामावर जात न्हाईत," अनुपमा अभिमानानं म्हणाली. "ह्ये शेत मोजतेत. भावाभावांची भांडणं मिटवतेत."

तेव्हा निकिता मागच्या खोलीतून आली. तिचे दोन्ही तळहात लाल झाले होते.

"आजी, पाहुण्यांच्या पिशवीत कुंकू सांडलंय."

चंद्रभाननं तिचा हात हातात घेतला, नाकाशी नेला. कापडाला रंगाचे डाग पडले तर कशानं निघतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"ह्ये कुंकू न्हाई बाई," तो हळूच म्हणाला. "ह्यो पेंट हाय. घासलेटनं पूस, पाण्यानं न्हाई जायचं." आणि उठून, धोतर झटकून, तो समोर आपल्या घरात निघून गेला.

अनुपमा नवऱ्याकडे बघत राहिली. रुद्रेश पाटावरून उठायला लागला, तेव्हा नीलम्मानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"ताटावरनं उठायचं नसतं. खाऊन घ्या," ती म्हणाली, आणि आणखी एक धोंडा वाढला.

ऊन उतरल्यावर ती दोघं फिरायला निघाली. फिरायचं ठरलेलंच होतं, आणि घरात बसवतही नव्हतं. अनुपमा सकाळसारखीच पुढे चालत होती, पण आता ती कुठंच थांबत नव्हती. लोकांनी हाका मारल्या तरी नाही. बारवेच्या पायऱ्यांवर जाऊन ती बसली. तो दोन पायऱ्या वर बसला.

"कधी कळलं तुमाला?"

"शुक्रवारी."

"आज बुधवार." तिनं बोटांवर मोजलं नाही, पण मोजल्यासारखं वाटलं. "माझ्यासंग बसून बॅगेत कुठली साडी घ्यायची ते ठरवलं तुमी. हिरवी घे म्हणलाव."

"सांगणार होतो अनु. तुझा आनंद बघून..."

"माझ्यावर नका घालू."

खाली पाण्यात शेवाळ होतं. एक कासव वर येऊन गेलं. तिनं विचारलं, "किती जातंय मावशीचं?"

"पुढची सगळी खोली. आन् गिरणीचा पाया थोडा. चार बोटं."

"चार बोटं?"

"रेघ पायाच्या अलीकडं पडली असती तर गिरणी राहिली असती. पुढं पत्रा ठोकून चालवता आली असती. पण पायावरनं रेघ गेली की ती काढावीच लागती. आन् मागं ठिवायला जागा न्हाई."

"टेप कुणाच्या हातात राहणार हाय?"

"माझ्या."

"मंग चार बोटं तिकडं सरकवा."

"गल्लीच्या मधोमध खिळा आधीच्या माणसांनी ठोकलाय, तिथनं दोन्हीकडं साडेचार मीटर मोजायचं. त्यो सरकवला तर चंद्रभानकाकाचं वाढतंय."

ती रडायला लागली, आवाज न करता, पदर तोंडाशी न नेता. "मला तीच एक जागा हाय हो," ती म्हणाली. "दुसरी हाय का? पंधरा वर्षांत मी मागितलं तर काय मागितलं तुमाला?"

परत येताना गिरणीच्या दारात ती थांबली. "लॉजवर तुमी जावा. मी मावशीपाशी राहते."

लॉजच्या मालकानं, परमेश्वरनं, पलंगावर दोन नव्या उश्या ठेवल्या होत्या आणि आरशाला झेंडूची माळ लावली होती. अनुपमानंच फोनवर त्याला वाढदिवसाचं सांगितलं असावं. रुद्रेश एका उशीवर डोकं ठेवून पडला आणि चार बोटांचा विचार करत राहिला.

आता मुलांनो, टेपाची एक गोष्ट तुम्हांला माहीत हवी. घरी दोरी घेऊन करून बघा. दोघांनी दोन टोकं धरून दोरी ताणून उभं राहायचं, आणि मग मधोमध ती खाली लोंबू द्यायची. दोरी तेवढीच आहे, पण दोघं एकमेकांच्या जवळ आलेले असतात. टेपाचंही तसंच. ताणला तर खरं माप. झोळ पडू दिला, तर टेपावर साडेचार मीटर दिसतात, पण माणूस पोचतो त्याच्या थोडा अलीकडेच. गुडघ्याएवढा झोळ असला, तर चार बोटं अलीकडे. मोजणीदारांना हे ठाऊक असतं. रुद्रेशनं वीस वर्षांत एकदाही झोळ पडू दिला नव्हता. त्याच्यापाशी दाखवण्यासारखं तेवढंच होतं. ना मोठं पद, ना घर. फक्त त्यानं मोजलेलं कुणी परत मोजलं नव्हतं.

सकाळी सातला मोजणी सुरू झाली. मदतनीस मुंजाजी मोटारसायकलवर वालूरहून आला होता. तो गल्लीच्या मधोमध ठोकलेल्या खिळ्यावर टेपाचं टोक कमरेएवढं धरून उभा राहायचा आणि रुद्रेश एकेका घरात शिरून लाल रेघ मारायचा. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं, असं त्याला वाटलं. लोक ओट्यावरून उठून बाजूला होत होते, जावयाला वाट द्यावी तसे.

चंद्रभानच्या घरात टेप तारेसारखा ताणलेला होता. रेघ शिलाई मशिनीच्या मागून गेली. चंद्रभाननं विचारलं, "मशीन हलवू का?" रुद्रेश म्हणाला, "नको, आज नको." मग तो बाहेर येऊन समोर वळला.

गिरणी बंद होती. नीलम्मा दाराशी उभी होती, अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून. आतल्या दाराशी अनुपमा. निकिता डब्यांच्या रांगेपाशी.

रुद्रेश टेप घेऊन उंबरा ओलांडून आत गेला आणि त्यानं हात ढिला सोडला. टेप मधोमध लोंबला, गुडघ्यापर्यंत. साडेचारचा आकडा जिथं आला तिथं त्यानं बोट टेकवलं. सिमेंटचा पाया तिथून केसभर पलीकडे होता.

त्यानं मान वर केली. अनुपमा त्याच्याकडे बघत होती. कालपासून पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं होतं, आणि त्या बघण्यात बसमधली, हिरव्या साडीतली अनुपमा पुन्हा दिसली. त्यानं ब्रश रंगात बुडवला.

"थांबा," नीलम्मा म्हणाली. "टेप लोंबायलाय."

"असू द्या मावशी. एवढं चालतं."

"चंद्रभानच्या घरात चाललं का?"

त्यानं ब्रशचा रंग डब्याच्या काठावर निथळला.

"तिकडं तारेवाणी ताणला तुमी. मी दारातनं बघत व्हते."

"मावशी, गप बस!" अनुपमा कळवळून म्हणाली. "तुझ्या पाया पडते, गप बस."

"तू गप, अनु." नीलम्मा पुढे आली आणि तिनं लोंबणाऱ्या टेपाखाली दोन्ही हात घालून तो वर उचलला. "तीस वर्षं काटा धरलाय मी ह्या जाग्यावर. बायका डबा ठिवून शेताला जायच्या. पीठ कुणी परत मोजलं न्हाई. आता माझ्याच घरात, माझ्याच जावयानं कमी माप करायचं, आन् चंद्रभाननं समोरनं बघायचं? मला मंग गिरणी राहून तोंड कुठं हाय?" ती रस्त्याकडे वळून म्हणाली, "मुंजाजी, वढ रे बाबा. नीट वढ."

टेप ताणला गेला. रुद्रेशच्या बोटाखालून आकडा सरकला आणि सिमेंटच्या पायावर जाऊन थांबला.

समोर चंद्रभान आपल्या दारात उभा होता. तो आत निघून गेला. अनुपमा वळली आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसली. रुद्रेशनं ते बघितलं. ही पाठ आता कितीही हाका मारल्या तरी वळणार नाही, हे त्याला कळलं.

त्यानं ब्रश टेकवला, पण फरशीवर पिठाचा थर होता आणि रंग गोळा होऊन सरकायला लागला.

"पिठावर न्हाई धरायचा त्यो," नीलम्मा म्हणाली. तिनं पोतेरं भिजवून आणलं, गुडघ्यांवर बसून भिंतीपासून भिंतीपर्यंत पट्टा पुसला, गिरणीचा पायाही पुसला, आणि पदरानं वारा घालून वाळवला. "हं. मारा आता."

त्यानं रेघ मारली. सरळ आली. पायावरून जाताना थोडा हात हलला, ती त्यानं पुन्हा नीट केली. मग तो उठून उभा राहिला. त्याला जायचं होतं, पुढे अजून अकरा घरं होती, पण तो तिथंच ब्रश पुसत राहिला.

"काका, ही रेघ कशाची?" निकितानं विचारलं. तिच्या तळहातांवर कालचा रंग अजून फिकट दिसत होता.

मोठ्या माणसांनी कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळे असं कुणाला समजावून सांगायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. "इथपर्यंत रस्ता येणार हाय, बाळा."

"मंग घर?"

"रेघेच्या तिकडं." त्यानं मागच्या खोलीकडे हात केला.

निकितानं रेघेच्या अलीकडे बघितलं, पलीकडे बघितलं. मग खुंटीवरचं दप्तर काढलं आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. आपल्या चपला नेल्या, आजीच्या नेल्या. काटा दोन्ही हातांनी पोटाशी धरून नेला. डबे जड होते, ते ती एकेक करून ओढायला लागली, रेघेवर आल्यावर रंग ओला आहे म्हणून उचलून पलीकडे ठेवायची आणि पुन्हा ओढायची. सरजाबाईचा डबा, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. नीलम्मा भिंतीला टेकून बघत होती. तिनं नातीला अडवलं नाही. रुद्रेशनंही नाही.

पुढची खोली रिकामी झाली. निकितानं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला, गिरणीपाशी आली, खाली वाकून रेघ कुठून कुठं गेली आहे ते नीट बघितलं. मग तिनं दोन्ही तळहात गिरणीला लावले, पाय फरशीत रोवले, आणि ती ढकलायला लागली.